जित्या माणसाचा फोटू

साताऱ्यात नाथाजी फोटूवाल्याला "या, बसा" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणणार तरी कसं? हा माणूस खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन गल्लीत शिरला की बायका आधी आपल्या घरातली म्हातारी माणसं हयात आहेत ना, ते बघून घ्यायच्या. असली तर दार लावून आतून कडी घालायच्या. नाथाजी मढ्यांचे फोटो काढायचा.

आता यात त्याचा काय गुन्हा, सांगा! त्या काळात माणूस जिवंतपणी कॅमेऱ्यापुढं बसायला भ्यायचा. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी समजूत. मग आयुष्य संपलं की घटायची भीती नाही, आणि घरात आठवण म्हणून तसबीर तर पाहिजे. लगेच कुणीतरी नाथाजीच्या दारात हजर. "चला आवं, आज्जा गेला. तिरडी बांधाय घेतलीया." नाथाजी जायचा. मढं भिंतीला टेकवून बसवायचा, धोतरानं मागच्या खुंटीला बांधायचा, डोक्याला पागोटं घालायचा, मान ढळू नये म्हणून उपरण्याआड काठी लावायचा. फोटो छापून झाला की बारीक ब्रशानं त्यावर उघडे डोळे रंगवायचा. आणि एवढं सगळं करून बाहेर पडला की त्याच्या पाठीमागं उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे. त्याला दिसेल असं!

नाथाजीही काही गरीब गाय नव्हता. जिभेला हाड नाही म्हणतात, तशातला. पाणी शिंपडलेलं दिसलं की मागं वळायचा. "शिपडा, शिपडा! मी काय आपल्या पायानं आलो हुतो व्हय? परत बोलवायला येशीला तवा बादलीच वतून घीन अंगावर!" असं बोलल्यावर कोण त्याच्याशी गोडीनं वागणार? त्याला लोक नकोत आणि लोकांना तो नको, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पण एक घाव त्याच्या वर्मी बसला. एव्हाना लग्नात फोटो काढायची टूम आली होती, आणि त्याच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न निघालं. भाऊ आमंत्रणाला आला, सुपारी दिली आणि जाता जाता हळूच म्हणाला, "नाथा, तू जेवायला ये. डबा तेवढा घरी ठेव." डबा म्हणजे कॅमेरा. नाथाजी गेला. पंगतीत बसला. तेवढ्यात सांगलीहून आणलेला फोटोवाला मांडवात कॅमेरा मांडून "हसा जरा" म्हणताना त्यानं ऐकला. भरल्या ताटावरून उठला आणि चालत घरी आला. बायकोनं, रंगुबाईनं, विचारलं, "जेवलात का?" तर म्हणाला, "जेवलो की. पोटभर."

पुढं एकदा औषधाच्या बाटल्या गुंडाळून आलेल्या रद्दीत त्याला कुठल्यातरी विलायती पेपराचं पान सापडलं. त्यात सायकलच्या शर्यतीचा फोटो. एक गोरा पायडलवर उभा राहिलेला, दात विचकलेले, मागं धुरळा. नाथाजी त्या पानाकडं बघतच राहिला.

"रंगू, हिकडं ये. ह्यो माणूस मढं वाटतोय का गं?"

"मढं? आवं, ह्यो तर भूत मागं लागल्यागत पळतोय."

"अस्सा फोटू काढायचा आन दुकानाच्या दारात लावायचा. मग बघू, मढ्याचा फोटूवाला म्हणायची कुणाची छाती हुती."

झालं! त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. एक फोटो. जित्या माणसाचा, पळणाऱ्या माणसाचा, बघणाऱ्याला धाप लागेल असा. तेवढा मिळाला तर माणसांच्या दारात मान वर करून जाता येईल, एवढं एकच त्याच्या डोक्यात.

जर्मनाची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. फौजेतली माणसं घरोघर परतली होती. साताऱ्यात नानासोंचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी शर्यत जाहीर केली. लोणंदपासून सातारा, मध्ये सालप्याचा घाट, पहिल्याला नवीकोरी सायकल. वाईची, कऱ्हाडची, औंधाची पोरं नावं द्यायला आली. सांगलीहून गुंडा नावाचा एक चिवट गडी येणार होता. पण साताऱ्याची सगळी मदार होती सयाजीवर. वाठारकडच्या एका खेड्यातला हा पोरगा फौजेतून सुटून आलेला, मांड्या बघाल तर तालमीतल्या पैलवानानं लाजावं.

नाथाजी नानासोंच्या दुकानात गेला. "फोटू मी काढणार."

नानासो टायरात हवा भरत होते. मानही वर केली नाही. "नाथाजी, ही शर्यत हाय. मयत न्हवं."

"म्हणूनच काढणार."

"पोरं बिचकतील तुला बघून. मी नगं म्हणतोय."

"रस्ता तुमच्या बापाचा हाय काय, नानासो?"

"सरकारचा हाय."

"मग सरकारनं नगं म्हणू द्या," असं म्हणून नाथाजी पायरी उतरला. मागून नानासोंनी पचकन थुंकल्याचा आवाज आला.

खरी पंचाईत वेगळीच होती. नाथाजीचा कॅमेरा म्हणजे भात्याचा जुना ठोकळा. समोरचं टोपण काढायचं, सावकाश अंक मोजायचे, टोपण लावायचं. मढ्याला चालतं, ते कुठं पळून जातंय! पण सायकलवाला? एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात नाथाजीला झटक्यात उघडमीट होणारं शटर मिळालं. रबरी फुगा दाबला की खट्ट. आता राहिल्या काचा, फोटो उठतो त्या. लढाईनं काचांचा दुष्काळ पाडलेला. सांगलीपर्यंत हेलपाटा मारून हातापाया पडून दोन मिळवल्या. एक काच त्यानं दूधवाल्याला सायकलवरून पळवून खर्ची घातली. बघतो तर नुसता धूर! दूधवाला नाही, सायकल नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आडवा जाणारा माणूस पुसला जातो. समोरून अंगावर येणारा, तोही चढावर दमलेला असेल, तरच टिकेल. म्हणजे सालप्याचा घाट. आणि उरली एकच काच.

शर्यतीच्या दिवशी नाथाजी पहाटेच्या गाडीनं लोणंदला उतरला. बाजारात ही गर्दी! सायकलींना हळदकुंकू चाललेलं, नारळ फुटत होते. घाटाकडं जायला एक बैलगाडी बघून तो तिकाटणं चढवतोय, तोच मागून आवाज आला.

"तू? तू हितं कशाला कडमडलास रं, मुडद्या?"

ही बनुबाई, सयाजीची आई. हिचा आणि नाथाजीचा जुना हिशेब. तिचा नवरा गेला तेव्हा त्याचा फोटो नाथाजीनंच काढला होता. डोळे रंगवून दिले, तर ते तिला पटेनात. "ह्यानं माझ्या धन्याला मांजराचं डोळं लावलं," असं ती चारचौघांत सांगायची. आणि खोटं कशाला बोला, ते डोळे काही बरे उतरले नव्हते.

"फोटू काढाय आलोय," नाथाजी म्हणाला.

"कुणाचा? हितं कोण मेलंय?"

"कोण न्हाई. जित्याचाच काढायचाय."

"माझ्या लेकराच्या वाटंवर उभा ऱ्हायलास, तर तुझं मढं बशीवलं बग!"

"बशीव की! जल्मभर दुसऱ्यांची बशिवली, माझंबी कुणीतरी बशिवलंच पायजे. काठी नीट लाव म्हंजे झालं."

भोवतालची माणसं फिदीफिदी हसली. बनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चार माणसांत हसू झालेलं तिला कसं सोसावं? ती तरातरा पोराकडं गेली. गाडी हलली तेव्हा नाथाजीला एवढंच दिसलं, की ती कनवटीचं काहीतरी काढून सयाजीच्या सायकलीपुढं वाकली आहे आणि तो बारा गावचं पाणी प्यालेला फौजी आईपुढं कोकरासारखा गप उभा आहे. नाथाजीनं मान फिरवली. असल्या बाईकडं बघायचं तरी कशाला!

घाटात एका वळणावर दरीच्या बाजूचा कठडा ढासळला होता. तिथून खालचा चढ नीट समोर दिसायचा. नाथाजीनं तिकाटणं रोवलं. रस्त्यावर चुन्याचा एक ठिपका दिला, काळ्या फडक्याखाली डोकं घालून त्या ठिपक्यावर काच जुळवली, मग फडकं काढून तिकाटण्यावर टाकलं आणि फुगा हातात धरून उभा राहिला. वरच्या उतारावर सयाजीच्या गावची माणसं येऊन बसलेली होतीच.

"ए मढ्या, हो बाजूला!"

"हुतो, हुतो. तुझी पाळी आली की हुतो!" नाथाजी इकडून.

एक ढेकूळ येऊन पायाशी फुटलं. नाथाजी हलला नाही. त्याची नजर त्या चुन्याच्या ठिपक्यावर.

आणि मग आरडाओरडा झाला, "आला! सयाजी आला!" पहिला सयाजीच. मागं पार लांब सांगलीचा गुंडा. सयाजी पायडलवर उभा राहून चढ तोडत होता, सायकल डावी-उजवी डुलत होती, घाम डोळ्यांत चाललेला. काय सांगावं! दूधवाला सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा नाथाजीच्या कॅमेऱ्यापुढं रक्त सळसळणारा माणूस येत होता. सयाजीचं पुढचं चाक ठिपक्यावर आलं आणि नाथाजीनं फुगा दाबला. खट्ट.

त्याच क्षणी सयाजी उडाला. सायकल जागीच अडकल्यासारखी झाली, मागून उचलली गेली आणि तो ढासळलेल्या कठड्यावरून खाली दगडांत गेला, सायकल तर थेट दरीच्या तळाला.

माणसं आधी सयाजीकडं धावली. मग त्यातली निम्मी नाथाजीकडं. "काळं फडकं बघून बिचकला त्यो! ह्यानंच पाडला!" बोलायला वेळ कुणी दिला? लाथा, बुक्के, पायतणं. कॅमेरा तिकाटण्यासकट लाथेनं दरीत गेला. नाथाजीनं त्याआधी काचेची चपटी पेटी कॅमेऱ्यातून ओढून बंडीच्या आत घातली होती. तो पोटावर पालथा पडला आणि ओरडायला लागला, "मारा! पाठीवर मारा लेकांनो, किती मारायचं ते पाठीवर मारा!" त्यांना वाटलं, माणूस माजला आहे. आणखी मारलं. तेवढ्यात गुंडा त्या गर्दीच्या कडेनं, कुणाकडं न बघता, दमादमानं वर निघून गेला. शर्यत सांगलीनं मारली. साताऱ्याच्या वेशीत त्याच्या गळ्यात माळ घालायलासुद्धा कुणाचा हात उचलेना.

सयाजी वाचला, पण नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बसवलं ते वाकडंच बसलं. सायकल संपली.

साताऱ्यात मग नाथाजीच्या नावानं जे शिमगे झाले, विचारू नका. "आजवर मेलेल्यांची बशिवत हुता, आता जित्यांची पाडाय लागला." शर्यत गेली, तीही सांगलीकडं गेली, त्याचा राग सगळा याच्या माथी. नळावर रंगुबाईची घागर बायका बाजूला सारायच्या. आणि गंमत बघा, मढ्याची बोलावणीसुद्धा थांबली! हा घरात आला तर आणखी एखाद्याला घेऊन जाईल, म्हणे. आता जितेही गेले आणि मेलेही गेले.

पाठ भुईला टेकवता येत नव्हती तरी नाथाजी काळोख्या खोलीत शिरला. काच औषधात घातली. हळूहळू सयाजी वर आला. मांडीचे पीळ, आवळलेले दात, गळ्याच्या शिरा. असा फोटो साताऱ्यात काय, सांगलीतसुद्धा कुणी काढला नसेल! त्यानं कागदावर छापला आणि उजेडात आणला. पुढच्या चाकाच्या आऱ्यासुद्धा एकेक मोजून घ्याव्यात अशा स्वच्छ. विलायती फोटोतसुद्धा आऱ्या पुसटच होत्या. "रंगू, आऱ्या बघ! आऱ्या!" तो नाचायचाच बाकी होता.

मग त्याचं नाचणं थांबलं. पळत्या चाकाच्या आऱ्या दिसतील कशा? एवढं तर त्याला दूधवाल्यानं शिकवलं होतं. आऱ्या दिसत होत्या, कारण चाक थांबलेलं होतं.

त्यानं भिंग लावलं. हँडलापासून वाखाची जाड सुतळी निघालेली, आऱ्यांत गुंडाळलेली. सुतळीत मिरच्या, चेंगरलेलं लिंबू आणि जुन्या वहाणेचा तुकडा. दृष्ट लागू नये म्हणून गाडीला बांधतात ते सगळं. वहाणेचा तो तुकडा चाक आणि ते धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला. लोणंदला बनुबाई कशाला वाकली होती, ते आता कळलं. नाथाजीच्या नजरेपासून पोराला जपायला बांधलं आणि त्यानंच पोर पाडलं.

नाथाजी हसत सुटला. पाठीत कळा येत होत्या तरी हसत होता. "आता बनुबाई! आता तुझ्या दारात, साऱ्या गावादेखत! कुणी पाडला ते बघू दे समद्यांनी."

"आवं," रंगुबाई म्हणाली, "तिचं एकुलतं एक पोर लंगडं झालंय."

"कुणामुळं झालंय?"

"म्हणूनच म्हणते, नगा जाऊ."

"माझ्या पाठीवरचं वळ बघितलंस न्हवं? तिला म्हण, ही पाठ चोळून दे." फोटो फडक्यात बांधून तो निघाला. बाईमाणसाचं ऐकेल तर तो नाथाजी कसला!

सयाजीच्या गावात शिरताच चावडीवरून शिव्या आल्या, ढेकळं आली. नाथाजीनं उलट हाका घातल्या. "या, समदी या! आज तमाशा फुकट हाय!" माणसांचा घोळका मागं घेऊनच तो बनुबाईच्या अंगणात उभा राहिला. सयाजी बाजेवर पडून होता, पायाला फळ्या बांधलेल्या. बाजेच्या खुराला लिंबू. कुबडीला लिंबू. चौकटीला तर होतंच.

"आलास?" बनुबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात शिवीपेक्षा तोरा जास्त होता. "बघ, डोळं फाडून बघ. जित्ता हाय माझा लेक. तू तर न्यालाच हुतास त्याला. पर मी लिंबू बांधलं हुतं. चार सालं लढाईत हुता, दर शनवारी ह्या चौकटीला बांधत हुते, गोळीनं शिवलं न्हाई त्याला. त्या घाटात पडून कोण वाचतंय का? पायावर निभावलं, ते लिंबानं निभावलं!" आणि कुंपणाशी दाटलेल्या माणसांकडं वळून ती हेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

तिची पाठ फिरली तसा सयाजी बाजेवर अर्धा उठला. नजर नाथाजीच्या हातातल्या फडक्यावर. खालच्या आवाजात म्हणाला, "उठलाय?"

"उठलाय."

"सुतळी?"

नाथाजी बाजेवर वाकला. "तुला ठावं हुतं?"

"हँडल माझ्या हातात हुतं. मला न्हाई तर कुणाला ठावं असणार?"

"आन तरी मला मार खाऊ दिलास? माझ्या पोटावर पाय दिलास?"

"दिला."

"का रं, भाड्या? काय वाकडं केलं हुतं मी तुझं?"

"काय न्हाई केलं." सयाजीनं मान खाली घातली नाही. "तिला काय सांगू? आई, तूच पाय मोडलास माझा? दावायचा तर दावा. तुमचा हक हाय, मी आडवा येत न्हाई. पर मग माझ्या बापाशेजारी तिचाबी फोटू टांगायची तयारी ठेवा. ती जगायची न्हाई."

नाथाजीला त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं. असा राग त्याला घाटात मार खातानाही आला नव्हता. सगळा गाव समोर उभा, हातात पुरावा, आणि हा मोडक्या पायाचा पोरगा त्याला त्याच्याच धंद्याची भीती घालत होता. त्यानं फडक्याच्या गाठीला हात घातला. गाठ अर्धी सुटलीसुद्धा.

"काय हाय रं त्यात?" बनुबाई वळली होती.

ती बोट नाचवत उभी होती. पदराच्या टोकाला पुढच्या शनिवारची लिंबं बांधलेली. नाथाजीनं तिच्याकडं बघितलं, मग चौकटीकडं. सुटत आलेली गाठ त्यानं परत आवळली.

"कुणाच्या तरी मयताचा फोटू हाय," तो म्हणाला. "पुढल्या गावात द्यायचाय."

"इडापिडा टळो! माझ्या दारात मढं घिऊन आलास? आन माझ्या लेकाचा काढला हुतास, त्यो कुठाय?"

"उठला न्हाई." हे दोन शब्द काढताना त्याला काय झालं, ते त्याचं त्यालाच माहीत. "काच काळीठिक्कर निघाली."

बनुबाईनं टाळी वाजवली. "निगंल कसा? लिंबू हुतं न्हवं!"

सारं गाव हसलं. खो खो हसलं. आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो काखेत मारून नाथाजी त्या हसण्यात उभा होता. त्यापेक्षा घाटातला मार बरा होता. सयाजीनं डोळ्यांवर हात आडवा घेतला होता.

जिंकल्यावर माणसाला दानत सुचते. बनुबाईनं पदराचं एक लिंबू सोडलं, सुतळीत ओवलं, गाठ मारली आणि त्याच्यापुढं धरलं. "घे. नजर तुझ्यात न्हाई रं, त्या डब्यात हाय. त्याला बांध, म्हंजे लोकांची पोरंबाळं वाचतील."

नाथाजीनं ते घेतलं. वेशीबाहेर पहिल्या ओढ्यात फेकायचं, असं ठरवूनच घेतलं. पण चावडीवरची तीच माणसं, त्याच्या हातात बनुबाईचं लिंबू बघून गप बसली. ढेकूळ आलं नाही. एकानं तर "जपून जावा," असं म्हटलं. ओढा आला आणि गेला. घरी पोचल्यावर रंगुबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि दुकानाच्या दारात टांगलं. जिथं पळत्या माणसाचा फोटो लावायचा होता, अगदी तिथंच.

आणि मग जे झालं, त्याला काय म्हणावं! वाठार-कोरेगावाकडं बोलवा झाली, की बनुबाईनं फोटूवाल्याच्या डब्याची नजर बांधली. पोराला लढाईतून आणि दरीतून परत आणणारी बाई, तिच्या लिंबावर कोण अविश्वास दाखवणार? दरीतून गोळा करून आणलेला कॅमेरा नाथाजीनं डागडुजी करून उभा केला, आणि लोक यायला लागले. जिते लोक! तान्ही पोरं घेऊन, नवी जोडपी घेऊन, फौजेत निघालेली पोरं घेऊन. दारातल्या लिंबाला हात लावायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. नाथाजी खेकसायचा, "लिंबाकडं काय बघताय? हिकडं बघा! फोटू मी काढतोय, लिंबू न्हाई!" लोक म्हणायचे, माणूस तिरसट आहे, पण लिंबू खरं आहे. भावानंही नातवाच्या जावळाला कॅमेऱ्यासकट बोलावलं. नाथाजी गेला, फोटो काढला आणि पाणीसुद्धा न पिता परत आला.

दोनेक वर्षांनी बनुबाई स्वतः दुकानात आली. सयाजीचं लग्न झालं होतं. पहिलं वाक्य काय, तर "लिंबू वाळलंय की रं! फुकट दिलं म्हणून बदलायचं न्हाई व्हय?"

"तुझ्या लिंबावर माझं दुकान चालत न्हाई."

"मग कशावर चालतंय, सांग की!"

नाथाजी काळ्या फडक्याखाली शिरला. सयाजी बायकोशेजारी उभा राहिला, वाकडा पाय तिच्या शालूमागं घेऊन. फोटो झाला. बायका बाहेर पडल्या, तसा सयाजी कुबडी टेकत मागं राहिला.

"ती काच फोडली का?"

"लय डाव हातात घेतली," नाथाजी म्हणाला. "फोडवत न्हाई रं. असला फोटू परत माझ्या हातनं व्हायचा न्हाई."

"मला दावा की एकदा. मी बघितलाच न्हाई."

नाथाजीनं त्याला काळोख्या खोलीत नेलं. फळीवरच्या पत्र्याच्या पेटीतून तेच फडकं काढलं आणि दार किलकिलं करून उजेड आत घेतला. सयाजी फोटो हातात धरून उभा राहिला. मांड्या बघितल्या, दात बघितले, पायडलवर उभं राहिलेलं आपलं अंग बघितलं.

"लय जोरात हुतो की वो मी," तो म्हणाला. "गुंडा दिसतबी न्हाई मागं."

"दिसत न्हाई. मारलीच हुतीस तू."

बाहेरून बनुबाईनं हाक मारली, "सया! आत काय करतोस रं? त्या डब्यापाशी जास्ती थांबू नगं!"

"आलो गं!" सयाजीनं फोटो नाथाजीच्या हातात दिला. देता देता त्याचं बोट आऱ्यांतल्या सुतळीवर एकदा फिरलं.

"गाठ मात्र पक्की मारली हुती आईनं," तो म्हणाला आणि कुबडी घेऊन बाहेर गेला.